रोह्याचं पिल्लू आणि लेक्चर सहा

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून डायरी. पशुखाद्य कंपनीची, जानेवारीत फुकट मिळालेली. नऊ महिने कोरे गेले, हरकत नाही. काम करणाऱ्या माणसाला लिहायला वेळ कुठे असतो.

कारण तसंच आहे. अकोल्याला वन्यजीव पुनर्वसनाचा नवीन कोर्स निघतोय, समन्वयक हवा आहे. जाहिरात माझं नाव डोळ्यांपुढे ठेवूनच काढल्यासारखी आहे. पशुसंवर्धन शिकवण्याचा बावीस वर्षांचा अनुभव, पुनर्वसनावर सात पेपर, एक पुस्तिका. एकच अट खटकते: किमान एक वन्यप्राणी सुरुवातीपासून जंगलात सोडेपर्यंत स्वतः सांभाळल्याचं रेकॉर्ड. माझं रेकॉर्ड शून्य. अमरावतीत माझ्या वाट्याला प्राणीच आला नाही, त्यात माझा काय दोष? मुलाखत मार्चमध्ये.

संध्याकाळी हिवाळी परीक्षेचा पेपर काढला. प्रश्न चौथा दरवर्षीचाच: शेतात रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं, पिल्लू एकटं आढळल्यास काय कराल? पाच गुण. उत्तर लेक्चर सहामध्ये आहे. मादी पिल्लाला गवतात लपवून चरायला जाते आणि येऊन पाजते. ते सोडलेलं नसतं, ठेवलेलं असतं. हात लावू नये, परत फिरावं. 'सोडलेलं नसतं, ठेवलेलं असतं' हे वाक्य माझं स्वतःचं. मुलं पाठ करतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

बायकोच्या, म्हणजे पौर्णिमाच्या, मामांकडे दसऱ्याचं सोनं द्यायला गेलो. धामणगाव रेल्वेच्या अलीकडे त्यांचं गाव. मामा म्हणजे खुशालराव. काळी कसदार जमीन, आणि त्या जमिनीत शिरणाऱ्या रोह्यांना सकाळ-संध्याकाळ शिव्या.

जेवण जड झालं म्हणून शेतात एकटाच चक्कर मारायला गेलो. तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवतात, पिल्लू. मान जमिनीला चिकटवलेली, कान मागे, हलायला तयार नाही. माझ्या लेक्चर सहामधल्या स्लाइडवर आहे, अगदी तसं.

दहा मिनिटं थांबलो. आई दिसली नाही. दुपारी दोन वाजता ती दिसणारही नसते, ते वेगळं. उचललं. उचलण्याआधी चारही बाजूंना पाहिलं. चोर पाहतो तसं नव्हे, निरीक्षण म्हणून.

खुशालराव म्हणाले, जावईबापू, आमी रोही हाकलून हाकलून थकलो, अन तुमी कडेवर घेऊन राहिले काय? मी म्हटलं, अनाथ आहे. ते म्हणाले, कोनं सांगतलं?

परतताना पौर्णिमा गाडीत मागे बसली. पिल्लू मागच्या सीटवर तिचा पदर चोखत होतं.

१४ ऑक्टोबर

अन्सारला पिल्लू दाखवलं. अन्सार हा आमच्या कॉलेजच्या गोठ्यावरचा परिचर. माझी सगळी प्रॅक्टिकल्स तोच करून दाखवतो, मी बाजूला उभं राहून समजावून सांगतो. त्यानं पिल्लाचं पोट चाचपलं, अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, सर, हे तं पिऊन हाये. चाटेल-पुसेल हाये. आजच्या आज नेऊन ठेवा, दिवस बुडता माय येईन याची.

मी त्याला सांगितलं की माणसाचा वास लागला की आई पिल्लू घेत नाही. हे चूक आहे. चूक आहे हे लेक्चर सहामध्ये मीच सांगतो. पण अन्सार लेक्चरला बसत नाही.

वनरक्षक संघपाल येऊन पंचनामा करून गेले. अनाथ असं मी सांगितलं, अनाथ असं त्यांनी लिहिलं. मोठं होऊन सोडेपर्यंत आमच्याकडे राहील.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७

खुशालरावांचा फोन. एक मादी दोन दिवसांपासून दिवस बुडता तुरीच्या धुऱ्यावर येते. तिच्यासोबत एक पिल्लू आहे. जुळी असतील, असं ते म्हणाले. ती त्या गवतात तोंड घालून हुंगते, उभी राहते, अंधार पडला की जाते. मी तिले गोटा माराले गेलो, जावईबापू, पन हात उचलला नाई.

मी म्हटलं, मामा, शेतात माद्या पुष्कळ असतात.

पौर्णिमानं ऐकलं असावं. म्हणाली, गाडीत टाका, पाऊण तासात पोचू. उद्या सकाळी साडेसातला माझं लेक्चर आहे. उद्या संध्याकाळी बघू.

१६ ऑक्टोबर

संध्याकाळी विभागाची मीटिंग. ती रद्द झाली, पण कळलं उशिरा. म्हणजे पाच वाजता.

१८ ऑक्टोबर

मामांचा फोन. मादी काल आली नाही. आजही नाही.

बरं झालं. केस आता खऱ्या अर्थानं अनाथ झाली. पंचनाम्यात लिहिलं ते खोटं नाही.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

प्रोटोकॉल लागू. माझ्याच पुस्तिकेतला: झिरो कॉन्टॅक्ट. पिल्लाजवळ बोलायचं नाही, तोंडावर कापड बांधून जायचं, हातानं भरवायचं नाही, नाव ठेवायचं नाही. माणसाची भीती हीच रानातल्या जनावराची कातडी, ती सोलली की ते जगत नाही. हे वाक्यसुद्धा माझंच. पिल्लाचा क्रमांक आर-१.

दूध अन्सारच्या अम्मीच्या शेळीचं. हाजराबींनी निरोप पाठवला, दूध लागंन तेवढं नेत जा, पन याची माँ जिंदा असंन तर हिसाब वर द्यावा लागंन. जुन्या माणसांना विज्ञान समजावणं कठीण.

रोजचं रेकॉर्ड मी शेवटी निवांत एकदम लिहिणार होतो. तिसऱ्या वर्षाची अनीसा म्हणाली, सर, मी रोज लिहिते. हुशार मुलगी, अक्षर छापल्यासारखं. मी फक्त सही करायची.

३ नोव्हेंबर

आर-१ बाटली घेत नव्हता. अन्सार कापड बांधून, मागच्या बाजूनं, मुकाट्यानं पाजायचा. त्याला वेळ लागतो. मी समोर बसून थोडं बोलून पाहिलं, लगेच प्यायला. आजच्यापुरता अपवाद.

१२ नोव्हेंबर

नाव ठेवलेलं नाही. तोंडातून बंडू निघून गेलं एवढंच. क्रमांकानं हाक मारता येत नाही, व्यवहारी अडचण आहे. मुळात हाक मारायचीच नाही, हा मुद्दा अन्सारनं काढला. अन्सार अलीकडे फार बोलतो.

१ डिसेंबर, रविवार

बंडू मला ओळखतो. गोठ्याच्या फाटकातून मी नुसतं 'बंडू' म्हटलं की पलीकडच्या कोपऱ्यातून धावत येतो. बावीस वर्षांत एकही विद्यार्थी माझ्या हाकेला असा आला नाही. मी खिशात गुळाचे खडे ठेवतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकेक खडा लांब फेकायचा, तो पळत जाऊन शोधतो. हातानं भरवणं नव्हे, फेकणं. प्रोटोकॉलमध्ये फेकण्याबद्दल काही नाही.

त्याला पाहिलं की दिवसभराचा शीण जातो. हे इथं लिहायला हरकत नाही, ही डायरी कोणी वाचत नाही.

१४ डिसेंबर

बंडूसोबतचा फोटो स्टेटसला ठेवला. दोनशे अकरा जणांनी पाहिला. प्राचार्य म्हणाले, गावंडे सर, तुम्ही कॉलेजचं नाव काढलं. अनीसा म्हणाली, सर, पुस्तिकेत फोटो काढू नये असं आहे. मी म्हटलं, ते विद्यार्थ्यांसाठी. रजिस्टरच्या वीस पानांवर एकदम सह्या केल्या.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला बंडूला मैदानात आणावं ही प्राचार्यांची इच्छा. माझा ठाम विरोध होता. मनातून. बंडू माझ्या शेजारी दोर न लावता उभा राहिला. राष्ट्रगीत शांतपणे पार पडलं. मग पाहुण्यांना हार घातला आणि बंडूनं तो गळ्यातच खाल्ला. पाहुणे हसले. टाळ्या पडल्या. मला शाल-श्रीफळ.

अन्सार टाळ्या वाजवत नव्हता. गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली पाहत होता. मला त्याचा राग आला, आणि तो राग घेऊन मी घरापर्यंत आलो. घरी आल्यावर तो राग नव्हता असं लक्षात आलं. काय होतं ते लिहीत नाही.

उद्यापासून कडक झिरो कॉन्टॅक्ट.

२७ जानेवारी

उद्यापासून.

२० फेब्रुवारी

अकोल्याचं पत्र आलं. मुलाखत २० मार्चला, गुरुवारी. पूर्ण रेकॉर्डसह, म्हणजे सोडल्याच्या नोंदीसह.

पुस्तिकेप्रमाणे दहा महिन्यांआधी सोडू नये. बंडू अजून पाच महिन्यांचाही नाही. पण अंगानं दणकट आहे, आणि प्रत्येक प्राणी वेगळा असतो. अन्सार म्हणाला, सर, हा मानसाले भेत नाई, बाहेर मार खाईन. मी म्हटलं, रक्तातच असतं, सोडलं की जागं होतं. याला आधार नाही. पण वाक्य चांगलं आहे, मुलाखतीत वापरीन.

८ मार्च, शनिवार

बंडूला सोडलं. जागा खुशालरावांच्या गावची ई-क्लास, चराईची सरकारी जमीन. तिथं रोह्यांचा कळप आहे. खुशालरावांनी आधीच बजावलं होतं, माये पंचवीस रोही मलेच जड होऊन राहिले, त्याच्यात तुमचा एक.

संघपाल, फोटोग्राफर, प्राचार्य, मी. टेम्पोचं फळकं उघडलं. बंडू उतरेना. मी उतरलो, मग तो उतरला. फोटो छान आले. कळप लांबवर दिसत होता. तो आम्हाला पाहून निघून गेला. बंडू आमच्यात उभा राहून फोटोग्राफरची बॅग हुंगत होता.

गाडी निघाली तसा तो मागे पळत आला. ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. म्हणजे मी.

रजिस्टरवर सही केली: यशस्वी.

२० मार्च, गुरुवार. अकोल्याच्या बसस्टँडवर, दुपारी ३

मुलाखत झाली. लिहितो, बसला वेळ आहे म्हणून.

समितीत एक म्हाताऱ्या पशुवैद्य बाई होत्या. पांढरे केस, जाड चष्मा. माझे सात पेपर त्यांनी बाजूला ठेवले आणि अनीसाचं रजिस्टर उघडलं. मी ते कधी उघडलं नव्हतं. सह्या करताना खालचा कोपरा तेवढा पाहायचा असतो.

त्यांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं. 'दिवस १. स्थळ, सरांनी सांगितल्याप्रमाणे: खुशालरावांचे शेत, तुरीचा धुरा, दुपारी दोन. अन्सारभाईंची तपासणी: अंग चाटलेले, कोरडे. जखम नाही. पोट भरलेले.' मग विचारलं, सर, पोट कोणी भरलं होतं?

मी म्हटलं, मॅडम, पिल्लू अनाथ होतं.

त्या म्हणाल्या, मी ते विचारलं नाही.

मग त्यांनी मधलं एक पान वाचलं. 'दिवस ६५. सरांच्या आवाजाला प्रतिसाद नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या आवाजाला धावत येतो. अन्सारभाई, मी आणि वॉचमन यांनी पिशवी वाजवून पाहिली, तिघांकडेही आला. सर असताना हे सांगितले नाही, त्यांना वाईट वाटेल.' खाली माझी सही, तारखेसकट.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी माझी पुस्तिका उचलली, माणसाच्या भीतीचं ते वाक्य काढलं आणि म्हणाल्या, फार चांगलं लिहिलंय. कोणी लिहिलं?

मी म्हटलं, मी.

बस साडेतीनची आहे. अनीसाचा राग यावा म्हणून प्रयत्न करून पाहिला. येत नाही.

२३ मार्च, रविवार

सकाळी खुशालरावांचा फोन. या, अन घेऊन जा.

अन्सारला सोबत घेतलं. संघपाल आधीच मामांच्या शेतात पोचले होते. बंडू काल शेजारच्यांच्या उन्हाळी भुईमुगात शिरला. माणसं काठ्या घेऊन धावली. रोही काठी पाहून पळतो हे इथलं लहान मूलही जाणतं. हा पळाला नाही. काठी हुंगायला पुढे आला. मागच्या पायावर दोन बसल्या तेव्हा खुशालराव मधे पडले. ज्या माणसानं आयुष्यभर रोह्यांना शिव्या दिल्या त्यानं आपल्या अंगावरचा दुपट्टा त्या पायाला बांधला होता. म्हणाले, तोंडाकडे पायते हो, जावईबापू. कसं मारावं?

संघपाल म्हणाले, सर, शेवटचा उपाय. तुम्हीच वाढवला, तुम्हीच भीती घाला. ढेकळं मारा. भ्यायला तर वाचला, नाही तर पिंजरा.

दुपट्टा सोडला. तो तीन पायांवर उभा होता, चौथा टेकवत नव्हता. मी ढेकूळ उचललं. पहिलं चुकलं, मला नेम नाही. दुसरं त्याच्या खांद्याला लागून फुटलं आणि खाली पडलं. बंडूनं मान वाकवली, लंगडत दोन पावलं टाकली आणि त्या मातीत तोंड घालून शोधू लागला.

गुळाचा खडा शोधत होता.

तिसरं मारलं. जोरात मारलं. तेही त्यानं जाऊन हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं, आता नीट फेक म्हणून. मी ओरडलो, शिव्या दिल्या. तो जवळ येऊन माझ्या खिशाला नाक लावून उभा राहिला.

अन्सार तोंड फिरवून खाली बसला. खुशालराव म्हणाले, पुरे करा. तिथंच, त्याच तुरीच्या धुऱ्यावर, मी मामांना सांगितलं की मला माहीत होतं. उचलतानाच माहीत होतं की त्याची माय येईल. ते म्हणाले, तुमाले माहीत असंन हे मलेबी माहीत होतं. मास्तर हा तुमी.

तूर कधीच निघाली होती. शेत उघडं होतं. मला लपायला कुठे जागा नव्हती.

१५ एप्रिल

उन्हाळी परीक्षेचा पेपर. प्रश्न चौथा घातला नाही. मग घातला. मग नमुना उत्तर लिहायला बसलो आणि अर्धा तास बसून राहिलो. शेवटी लिहिलं: काही करू नये. परत फिरावं.

इतकं सोपं आहे. पाच गुण जास्तच होतात.

अनीसाला बोलावून रजिस्टर छान लिहिलं म्हणून सांगितलं. ती रडायला लागली. सॉरी सर, म्हणाली. मी म्हटलं, तू कशाला.

४ मे, रविवार

वनविभागाच्या प्राणी केंद्रात गेलो. बंडू आता तिथं, कायमचा. अन्सार सोबत. ऊन रणरणत होतं. कुंपणाची जाळी उंच, आत एक कडुलिंब, त्याच्या सावलीत तो. पाय वाकडाच जुळला.

बाहेरचं खायला द्यायला मनाई आहे. मी खिसे घरीच रिकामे केले होते, पिशवीसुद्धा आणली नाही. या वेळी नियम पाळायचाच असं ठरवलं होतं. खरं म्हणजे मला एक पाहायचंही होतं.

जाळीशी उभा राहून हाक मारली, बंडू. तो रवंथ करत होता. पुन्हा मारली. कान हलला. माशी होती.

इतक्यात एक कुटुंब आलं. त्या गृहस्थांनी खिशातून फुटाण्याची पुडी काढली, प्लॅस्टिकची. ती वाजली आणि बंडू उठला. लंगडत, धडपडत, जमेल तितकं धावत आला आणि जाळीला नाक लावून त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

ते आपल्या मुलीला म्हणाले, पायलं का, कसा ओळखून राहिला आपल्याले.

त्यांना काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं. अन्सार माझ्याकडे पाहत होता. मी तोंड मिटलं. मुलीनं एक फुटाणा जाळीतून टाकला, तो जरा लांब पडला. बंडू वळून तो शोधायला गेला.

घरी येऊन या डायरीतलं १ डिसेंबरचं पान वाचलं. फाडणार होतो. मग राहू दिलं आणि खाली सही केली.